ठकूताईचा खणखणीत 'घ'

मुलांनो, मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका. एका जंगलात ठकूताई नावाची साळू राहायची. तिची एकुलती एक लेक नदीपलीकडे, रानगव्यांच्या राज्यात दिली होती. लेकीला सातवा महिना लागला होता आणि इकडे ठकूताईचा जीव टांगणीला लागला होता.

पलीकडे जायला बंदी नव्हती. फक्त नाक्यावरच्या गव्याला त्याच्या भाषेत सांगावं लागे, कुणाकडे जायचंय आणि कशाला. ठकूताईला ती भाषा ओ की ठो येत नव्हती. म्हणून तिनं बगळोपंतांचा वर्ग लावला.

बगळोपंत उच्चारांच्या बाबतीत भलतेच कडक. स्वतःचं एक पीस ते शिष्याच्या ओठांसमोर धरत.

"'प' म्हणा. पीस हललं? चूक! आता 'फ' म्हणा. नाही हललं? तीही चूक!"

महिनाभर ठकूताईनं पिसावर फुंकर मारली. दुसरा महिना जीभ टाळूला लावण्यात गेला. 'घ' काढताना तर बिचारीचे सगळे काटे उभे राहत.

"गुरुजी," तिनं एकदा भीत भीत विचारलं, "'माझी लेक बाळंत होणार आहे' हे कसं म्हणायचं?"

"शब्द? इतक्यात?" बगळोपंत दुसऱ्या पायावर उभे राहिले. "आधी पाया पक्का करा. शब्द काय, कुणीही शिकतं."

शेजारचा रानडुक्कर गेनबा वर्गाकडे कधी फिरकला नाही. नदीकाठी कंद उकरता उकरता चार शब्द त्याच्या कानावर पडले होते. ते तो असे काही बोलायचा, की बगळोपंत पंखात डोकं खुपसून घेत.

एके सकाळी निरोप आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. ठकूताईनं डिंकाच्या लाडवांचं गाठोडं उचललं, सोबतीला गेनबाला घेतलं आणि नाका गाठला.

गव्यानं काहीतरी विचारलं. ठकूताईला दरदरून घाम फुटला. येत होतं तेवढं तिनं म्हणून टाकलं, "ख! घ! छ! झ!"

गवा थक्कच झाला. असा खणखणीत 'घ' त्याच्या आजोबांनंतर कुणी काढला नव्हता. त्यानं ठकूताईला थेट दरबारात नेलं. राजाचे डोळे भरून आले.

"आपली पोरं असं बोलत नाहीत हो! आजपासून या आपल्या राजगुरू."

"मला माझ्या लेकीकडे जाऊ द्या!" ठकूताई आपल्या भाषेत रडत ओरडली.

"वा! काय स्वच्छ 'झ'!" दरबारानं खूर आपटून दाद दिली आणि तिला आसनावर बसवलं.

नाक्यावर राहिलेलं गाठोडं उचलून गेनबा अडखळत म्हणाला, "लेक... पिल्लू... लाडू." दुसऱ्या पहारेकऱ्यानं ते उच्चार ऐकून नाक मुरडलं, पण वाट सोडली.

लेकीच्या कुशीत दोन पिल्लं होती. तिनं लाडू हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"गेनूमामा, आई कुठाय?"

"मोठ्या पदावर बसलीय, बाळ," गेनबा मान खाली घालून म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, भाषा शिकताना उच्चार तेवढे घोटा, शब्दांच्या नादी लागू नका. शब्द येणाऱ्याला जिथं जायचं असतं तिथंच जाता येतं. उच्चार येणारा थेट राजाशेजारी जाऊन बसतो.