पाच गडगे आणि एक पातेलं

जेवणाच्या टेबलावर गौदेन्तने एक झाकण आणून ठेवलं. ते पातेल्याचं होतं, पण आता कुठल्याच पातेल्यावर बसलं नसतं. पापडासारखं सपाट झालं होतं आणि त्यावर टायरची नक्षी उमटली होती.

"हे काय?" त्याच्या बायकोने, नीवेसने, विचारलं.

"हमरस्त्यावर मिळालं. फेरीबोटीच्या वळणापाशी."

"कुणाचं तरी पडलं असेल."

"आतून तुझ्या आईचं नाव कोरलंय."

यापुढे लपवण्यात अर्थ नव्हता. मंगळवारी नीवेस नेहमीप्रमाणे हिरव्या सायकलच्या टोपलीत शेवयांचं सूप ठेवून थोरल्या बहिणीकडे, पेरीनाकडे, निघाली होती. तेवढ्यात फेरीबोट रिकामी झाली, शंभर गाड्या एकदम बेटावर सुटल्या आणि एक घरवजा गाडी तिला इतकी खेटून गेली की गाडीचा आरसा झाकण घेऊन गेला. नीवेसला खरचटलंही नव्हतं.

"सूप निम्मं पोचलं," ती म्हणाली. "निम्मं म्हणजे काही कमी नाही."

"बासष्ट वर्षांची बाई तू. पुढच्या वेळी आरसा झाकणावर थांबला नाही तर?" गौदेन्तने झाकण उचललं आणि सदऱ्याच्या आत ठेवलं, जणू पुरावा हरवेल. "गुरुवारपासून मी तुला व्हॅनने सोडणार. तिथेच थांबणार आणि परत आणणार."

*तिथेच थांबणार.* नीवेस धास्तावली ती आरशामुळे नव्हे, यामुळे. सायकल यायच्या आधी सहा महिने गौदेन्तच तिला सोडत होता; तेव्हा तो पेरीनाच्या स्वयंपाकघरात दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचा आणि दर अर्ध्या तासाने "मग?" म्हणायचा. कमरेचं हाड मोडल्यापासून पेरीना घरात अडकली होती. आठवड्यातून दोन दिवस बहिणी पत्ते खेळायच्या आणि बोलायच्या. त्या बोलण्याचा निम्मा भाग गौदेन्तविषयी असे. तो गौदेन्तसमोर कसा बोलणार?

"आणि हमरस्त्याला चाक न लावता मी पोचले तर?"

"तसा रस्ता नाही."

"असला तर?"

"तर मी एक शब्द बोलणार नाही." गौदेन्तने पाव मोडला. "गुरुवारी नऊ वाजल्यापासून मी हमरस्त्याच्या बसथांब्यावर बसून राहणार. तू दिसलीस की सायकल शेजारच्या बेपोला दिली म्हणून समज."

पहिला गडगा

रस्ता होता. किंवा पन्नास वर्षांपूर्वी होता. नीवेसची आई गाढवाला ऑलिव्हची पोती लादून समुद्राच्या कडेकडेने जायची ती वाट. ना गाडी, ना धूर, डावीकडे पाणी आणि उजवीकडे मेंढ्या. फक्त वाटेत पाच गडगे होते.

चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. मेंढ्या इकडच्या तिकडे होऊ नयेत म्हणून. बेटावरचं पोर चालायला लागलं की त्याला पहिल्यांदा हे शिकवतात: फाटक असेल तर जसं होतं तसं लाव. फाटक नसेल तर दगड उतरव, पलीकडे जा आणि जसे होते तसे परत रच.

माणसाला पाय टाकण्यापुरते चार दगड उतरवले की भागतं. सायकलला हँडलएवढी रुंदी लागते. सायकल उचलून पलीकडे टाकावी तर सूप सांडणार. नीवेसने बाह्या सरसावल्या.

पहिला गडगा बेपोचा होता. बटाट्याचं पोतं उलटं केल्यासारखा दिसत होता. नीवेसने दगड उतरवले, गवतावर ओळीने मांडले, सायकल पार केली आणि रचायला बसली. जसे होते तसे, म्हणजे वाकडे. इथेच घोटाळा झाला. नीवेसचा बाप आंद्रिया बेटावरचा सगळ्यात चांगला गडगेवाला होता आणि लेकीला त्याने हात धरून शिकवलं होतं. वाकडा दगड वाकडा ठेवायला तिचा हात तयारच होईना. तिने दोनदा प्रयत्न केला, दोनदा दगड आपोआप सरळ बसला. खाली मोठे, आतल्या बाजूला किंचित झुकलेले, फटीत बारीक कपच्या.

पाऊण तास गेला. बेपोच्या बटाट्यांमध्ये एक वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी, तटबंदी उभी राहिली.

दुसरा गडगा

हाही बेपोचाच. वरचंच परत वाचावं.

तिसरा गडगा

हा लूत्सेबाईचा. लूत्सेबाईच्या गडग्यात दर दहा पावलांवर एक पांढरा दगड होता, कारण तिच्या दिवंगत नवऱ्याला तसं आवडायचं. नीवेसने पांढरा दगड बाजूला काढला, जपून ठेवला आणि रचताना जिथे शोभला तिथे, मध्यभागी, बसवला. पूर्वी तो कोपऱ्यात होता.

एक मेंढी बघत होती.

"सांगू नकोस कुणाला," नीवेस म्हणाली.

चौथा गडगा

इथे उतरवायला काहीच नव्हतं. चार वाव गडगा केव्हाच झोपला होता आणि त्यातून मेंढ्या खुशाल ये-जा करत होत्या. नियम सांगतो, जसं होतं तसं ठेव. नीवेस सायकल घेऊन सरळ निघूनही गेली असती.

पण हा गडगा गौदेन्तचा होता. गेली सात वर्षं तो गावात सांगत होता, "माझा गडगा? खणखणीत."

नीवेसने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. सूप कधीच थंड झालं होतं. तिने एक उसासा टाकला, पातेलं सावलीत ठेवलं आणि नवऱ्याची अब्रू पायापासून रचायला घेतली. पुढेमागे सायकल न्यायची म्हणून मध्ये पाच मोठे दगड असे बसवले की आंद्रियाच्या लेकीला ते चटकन काढता यावेत आणि बाकी कुणाला कळूही नयेत.

दरम्यान, हमरस्ता

गौदेन्त नऊपासून बसथांब्यावर होता. दहापर्यंत त्याला वाटत होतं, आता दिसेल आणि मी जिंकेन. साडेदहाला वाटायला लागलं, दिसली तरी चालेल. अकराला त्याने पेरीनाला फोन लावला.

"पोचली का?"

"नाही. तिला फोन कर ना."

"खाली समुद्राकडे लागत नाही."

"मग समुद्राकडे गेलीय, हे तरी कळलं," पेरीना म्हणाली.

गौदेन्तने सदऱ्यातून झाकण काढून मांडीवर ठेवलं. तासाभराने फोन वाजला. बेपो होता.

"गौदेन्त, तुझा सासरा माझ्या गडग्याला हात लावून गेला."

"माझा सासरा जाऊन एकोणीस वर्षं झाली."

"तेच तर म्हणतोय मी. मेंढ्यांना पाणी द्यायला गेलो तर मधोमध आंद्रियाचा हात. कपच्यांसकट. दोन्ही गडग्यांना. लूत्सेबाईकडेही तेच, ती जपमाळ घेऊन बसलीय."

"पावसाने वगैरे..."

"पाऊस गडगा पाडतो रे, रचत नाही. खरं सांग, तुम्हा लोकांना जमीन हवीय का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. बेटावर गडगा ज्याने सांधला त्याचा. गावातले दोन आजे या एका मुद्द्यावर चाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. बेपोच्या मते चित्र स्पष्ट होतं: आंद्रियाचे वारस किनाऱ्याकिनाऱ्याने खुणा करत चालले होते, मागून मोजणीवाले येणार, त्यामागून हॉटेल.

गौदेन्तच्या कानात यातलं निम्मंच शिरलं. आंद्रियाचा हात जगात आता एकाच बाईकडे होता.

"तिने शेवटचा हात कुठल्या गडग्याला लावलाय?" त्याने विचारलं.

"कोण ती?"

गौदेन्त व्हॅनकडे धावत सुटला होता.

पाचवा गडगा

हा पेरीनाचा, आणि याला फाटक होतं. एक वाजता नीवेसने ते उघडलं तेव्हा अंगणात माणसं होती. काठीवर रेलून पेरीना, हातात फावडं घेतलेला बेपो, जपमाळ घेतलेली लूत्सेबाई, आणि पायरीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून गौदेन्त.

नीवेसचे केस विस्कटले होते, नखं मोडली होती, नाकावर शेवाळ होतं. टोपलीत पातेलं शाबूत होतं.

गौदेन्त उठला. तिच्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. मग परत पायरीवर बसला.

"आंद्रिया नव्हता तर," लूत्सेबाई म्हणाली आणि थोडी हिरमुसली. "मला वाटलं, तो आला तर माझाही कधीतरी येईल. पांढरा दगड मध्ये बरा दिसतोय म्हणा."

"बरा दिसतोय काय?" बेपो म्हणाला. "नीवेस, तू माझ्या गडग्याचं काय केलंस?"

"होता तसा रचला."

"होता तसा? माझा गडगा असा होता? आता उरलेला गडगा बघवत नाही मला. माझी बायको म्हणतेय, सगळाच तसा कर."

"मग कर की."

"मला येतं का?"

"तुला येत नाही हे साऱ्या बेटाला माहीतच आहे, बेपो," पेरीना म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

बेपोने फावडं खाली टेकवलं. "आता यापुढे?"

"मंगळवारी येईन. मग गुरुवारी. नियमाप्रमाणे उतरवणार, रचणार. दर वेळी त्याच जागी उतरवलं तर पाया सैल होतो, म्हणून जरा सरकून सरकून."

बेपोने मनातल्या मनात हिशोब केला. दर आठवड्याला चार वाव. नाताळापर्यंत त्याचा सबंध गडगा आंद्रियाच्या हातचा होणार होता, आणि ज्याने सांधला त्याचा.

"फाटक बसवतो," तो म्हणाला. "दोन. शनिवारपर्यंत. तू दगडाला बोट लावायचं नाही."

"माझ्याकडेही बसव," लूत्सेबाई म्हणाली. "माझ्या पांढऱ्याला धक्का लागला नाही म्हणजे झालं."

सगळ्यांनी गौदेन्तकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द बोलणार नाही असं त्याने कबूल केलं होतं.

"तुझा गडगा मात्र खणखणीत आहे," बेपो त्याला म्हणाला. "येताना वरून बघितला. तिथे कसलं फाटक लावतोस."

गौदेन्तने नीवेसच्या नखांकडे पाहिलं. मग सदऱ्यातून सपाट झाकण काढून पातेल्यावर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. पेरीनाने सगळ्यांना थंड सूप वाढलं आणि कुणी तक्रार केली नाही.

फाटकं

शनिवारपर्यंत तीन फाटकं लागली. समुद्राची वाट आता मोकळी झाली, फक्त चौथा गडगा सोडून.

"तिथे मी लावतो फाटक," गौदेन्त घरी म्हणाला. शब्द न बोलण्याची मुदत त्याने स्वतःच संपवली होती. "फळ्या आणल्यात."

"नको," नीवेस घाईने म्हणाली. "तुझी कंबर. शिवाय मला सवय झालीय हाताची."

"दर वेळी दगड उतरवणार?"

"पाचच तर आहेत."

मंगळवारी तिने पेरीनाला पत्ते पिसता पिसता सांगितलं. फाटक लागलं असतं तर वाट पंचवीस मिनिटांची झाली असती, बाळालाही जमली असती आणि गौदेन्तलाही. मग तो पुतण्याची सायकल घेऊन मागोमाग आला असता. गडगा असेपर्यंत येणार नाही. वाकता येत नाही आणि कुठले पाच दगड ते कळत नाही.

"त्याला संशय आला नाही?" पेरीनाने विचारलं.

"गौदेन्तला? त्याला काय कळतंय."

फळ्यांचं काय झालं ते नीवेसला पुढच्या आठवड्यात दिसलं. गौदेन्तने त्यांचा बाक केला होता आणि तो गच्चीच्या कठड्याशी ठेवला होता. ऊन चांगलं लागतं, तो म्हणाला.

त्या बाकावरून हमरस्ता दिसत नव्हता. दिसत होता तो चौथा गडगा. मंगळवारी आणि गुरुवारी, सव्वादहाच्या सुमारास, गौदेन्त तिथे येऊन बसायचा. खाली एक हिरवा ठिपका थांबायचा, वाकायचा, पलीकडे जायचा. पाच दगड परत चढायचे. पाचवा बसला की गौदेन्त श्वास सोडायचा, आत यायचा, रेडिओ हवा तेवढा मोठा लावायचा आणि सॉसेज जाड कापायचा. पुढचे चार तास त्याला कुणी काही विचारणार नव्हतं.

बेपोने एकदा बाकावर बसून पाहिलं. "तुला जावंसं वाटत नाही रे तिकडे, पेरीनाकडे?"

"मला?" गौदेन्त म्हणाला. "सहा महिने मी त्या स्वयंपाकघरात बसून काढलेत. दर अर्ध्या तासाने 'मग?' म्हणायचो, कुणीतरी निघूया म्हणेल म्हणून."