देवदार लाईन आणि तिचे आम्ही चाहते

एका जंगलात एक रेल्वे होती. जंगल अमेरिकेतलं होतं. एवढ्या लांबचं कशाला, असं विचारू नका मुलांनो. जवळच्या जंगलातली गोष्ट सांगितली की कोणीतरी स्वतःला ओळखतं आणि भांडायला येतं.

रेल्वेचं नाव देवदार लाईन. डोंगराच्या अलीकडून निघायची, पलीकडे जायची. अस्वलांच्या एका कंपनीने ती लाकडं वाहायला बांधली होती. पुढे प्राण्यांसाठी रोज दोन पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या. त्यात जेवणाचा डबा होता. तिथे तळलेला मासा मिळायचा आणि पाणमांजर खांद्यावर पांढरा रुमाल टाकून "अजून वाढू का?" असं विचारायचं.

मग जंगलात डांबरी सडक आली. सडकेमागून मोटारी आल्या. सशाने घेतली, कोल्ह्याने घेतली. हरणाने तर शिंगं बाहेर काढता यावीत म्हणून बिनटपाची घेतली. गाडी रिकामी धावू लागली. कंपनीने आधी जेवणाचा डबा काढला. मग दोन गाड्यांची एक केली. टपालही सडकेने जाऊ लागलं तेव्हा एकच डबा उरला. तो त्यांनी ओंडक्यांच्या मालगाडीच्या शेपटाला जोडून दिला. मालगाडी ओंडके भरायला थांबली की डबाही थांबायचा. तासाभराचा प्रवास चार तासांचा झाला.

एके दिवशी कंपनीने पाटी लावली. पॅसेंजर बंद करण्याचा विचार आहे.

सगळं जंगल हळहळलं. सगळ्यात जास्त मी हळहळलो. मी म्हणजे या गोष्टीतला डोमकावळा. मी ताबडतोब 'देवदार लाईन बचाव समिती' काढली आणि एकमताने तिचा चिटणीस झालो. पहिल्या सभेला मी एकटाच होतो, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही. लाईनबद्दल मला सगळं ठाऊक होतं. कोणतं इंजिन कोणत्या साली आलं, कोणाची शिट्टी कशी वाजायची, सगळं तोंडपाठ. गाडीत मात्र मी एकदाही बसलो नव्हतो. मला पंख आहेत, हे सांगायचं राहिलंच.

गाडीने खरोखर जाणारी एकच बाई उरली होती. सायाळमावशी. तिची थोरली बहीण डोंगरापलीकडे एकटी राहायची. बहिणीची दृष्टी गेली होती. मावशी दर मंगळवारी कोवळी साल आणि कंद घेऊन गाडीत बसायची, बहिणीला जेवू घालायची, रात्रभर राहून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत यायची. पायी जायचं तर तीन दिवस लागायचे. सायाळीचे पाय ते केवढे.

समितीत मी तिला घेतलं नाही. तिला इंजिनांचे नंबर येत नव्हते.

सरकारने सुनावणी ठेवली. डोंगरापलीकडच्या गावात, सकाळी अकराला. न्यायाधीश होतं एक म्हातारं घुबड. चाळीस प्राणी आले आणि सगळे मोटारीने आले. मी उडत गेलो. मी पाऊण तास भाषण केलं. कोल्ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कोल्हा उगाच रडत नाही.

घुबडाने विचारलं, "चिटणीस, या गाडीत तुम्ही शेवटचे कधी बसलात?"

"साहेब, प्रश्न बसण्याचा नाही, प्रेमाचा आहे," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

"आज इथे गाडीने कोण आलंय?"

सशाने मोटारीची किल्ली हळूच मुठीत लपवली.

बारा वाजता निकाल लागला. गाडी बंद.

अडीच वाजता मालगाडी आली. शेवटच्या डब्यातून सायाळमावशी उतरली आणि धापा टाकत मैदानात आली.

"साक्ष द्यायला आले. कुठं उभी राहू?"

"संपलं मावशी," मी म्हणालो. "पण भाषण छान झालं."

शेवटची गाडी मंगळवारी सुटणार होती. तिकिटं आठ दिवस आधीच संपली. जो डबा वर्षानुवर्षं रिकामा जायचा, त्याच्या टपावरसुद्धा खारी बसल्या. मीही जन्मात पहिल्यांदा गाडीत चढलो. भांडून खिडकी मिळवली. गळ्यात कॅमेरा होता.

मावशीच्या घराजवळ स्टेशन नव्हतं, नुसता लाकडी फलाट होता. तिथे उभं राहून लाल फडकं हलवलं तर गाडी थांबायची, नाही तर सरळ निघून जायची. हा नियम मला ठाऊक होता. पुढे मी या लाईनवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यावर अडीच पानं आहेत.

मावशी फलाटावर फडकं हलवत उभी होती. ड्रायव्हर अस्वलाने मागे वळून बघितलं. डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्याने शिट्टी वाजवली आणि गाडी तशीच पुढे काढली. आम्हाला वाटलं, मावशी गाडीला निरोप देतेय. आम्ही सगळ्यांनी रुमाल हलवले. मावशी पिशवी सावरत फलाटाच्या टोकापर्यंत धावली. तेवढ्यात मी फोटो काढला. फार सुरेख आला.

तोच फोटो माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. 'देवदार लाईनचा समग्र इतिहास', पानं सहाशे. चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलं.

पुढे एकदा मावशी माझ्या झाडाखालून जाताना दिसली. पाठीवर कंदांची पिशवी होती, पाय सुजले होते.

"कुठे निघालात मावशी?"

"बहिणीकडं. काल सकाळी निघालेय. पोचेन उद्या."

"कशा आहेत त्या?"

"रागावलीय. महिन्यातून एकदाच जमतं आता. गाडी बंद झाली म्हणून सांगितलं, तिला पटत नाही. म्हणते, तुला माझा कंटाळा आलाय."

मला भरून आलं. मी आत जाऊन पुस्तकाची एक प्रत आणली, सही केली आणि तिच्या हातात ठेवली. "वाटेत वाचा," मी म्हणालो.

मावशीने मुखपृष्ठ निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चालताना वाचता येत नाही, डोमभाऊ. गाडीत वाचलं असतं."

तिने पुस्तक झाडाच्या बुंध्याशी कोरड्या जागी नीट ठेवलं आणि ती चालू लागली.

मला लाज वाटली. खरंच फार लाज वाटली. मी उडत गेलो असतो तर अर्ध्या तासात तिच्या बहिणीला खरं काय ते सांगून आलो असतो. पण मी घरट्यात गेलो आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी मावशीवर एक हळवं प्रकरण लिहून काढलं. वाचकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं.

तात्पर्य: मुलांनो, एखादी गोष्ट मनापासून आवडत असेल तर ती चुकूनही वापरू नका. वापरलीत तर ती टिकेल, आणि टिकलेल्या गोष्टीसाठी गळा काढायला आमच्यासारख्यांना कोण बोलावणार?