तीस किलोंचं स्वातंत्र्य

ज्या गोष्टीत आपल्याला मत देण्याचा अधिकार नसतो, त्या गोष्टीविषयी माणसाचं मत सर्वांत ठाम असतं. हा निसर्गनियम आहे. २०१९ सालच्या सुरुवातीला ब्रिटनच्या संसदेत युरोपीय संघातून बाहेर कसं पडायचं यावर मतदानामागून मतदान चालू होतं. तेव्हा या नियमाचा सर्वांत भक्कम पुरावा लंडनमध्ये नव्हे, तर दुबईत, करामाच्या एका उडुपी हॉटेलच्या माडीवर सापडला. शुक्रवारच्या सुट्टीला तिथे जमलेल्या एकवीस मराठी माणसांपैकी ब्रिटनमध्ये मत असलेले शून्य. दुबईत मत असलेले शून्य. त्याच उन्हाळ्यात भारतात लोकसभेची निवडणूक होती. तिथे मत असलेले एकोणीस आणि ते द्यायला जाणारे शून्य (तिकिटं महाग होती). ब्रिटनने नेमकं काय करावं याविषयी पक्कं मत असलेले एकवीस.

ही एकवीस माणसं म्हणजे ‘संयुक्त वजन सहकार संघ’. बोलीभाषेत किलो-संघ.

संघामागचं तत्त्व साधं होतं. विमान कंपनी सगळ्यांना सारखेच तीस किलो देते, पण गरज सारखी नसते. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीतली नोकरदार कुटुंबं वर्षातून तीनदा मुंबई-पुण्याला जातात आणि जाताना त्यांच्या बॅगा निम्म्या रिकाम्या असतात, कारण त्या येताना भरायच्या असतात (भाजणी, लोणचं, सासूबाईंनी दिलेलं आणि नाही म्हणता न आलेलं पितळी पातेलं). उलट साइटवर काम करणारा कोकणातला माणूस दोन वर्षांतून एकदा जातो आणि त्याला एका बॅगेत अख्खं घर न्यायचं असतं. म्हणून संघाचा एकच नियम होता: जाणाऱ्याच्या बॅगेत उरलेला किलो हा संघाचा किलो. ग्रुपवर कुणी तरी विचारायचं, “कोणी जातंय का?” कुणी तरी जात असायचंच. वस्तू सगळ्यांसमोर उघडून दाखवायची, हुकाच्या काट्यावर तोलायची, वर नाव चिकटवायचं आणि निघायचं. काटा मी सांभाळत असे. ही व्यवस्था आठ वर्षं बिनबोभाट चालली, म्हणजेच तिच्यात सुधारणेला भरपूर वाव होता.

सुधारणा प्रकाश यांनी केली. ते आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत, आणि त्या दिवसांत ऑफिसच्या दुसऱ्या स्क्रीनवर ब्रिटनच्या संसदेचं थेट प्रक्षेपण लावून ठेवत (पहिल्या स्क्रीनवरचा प्रोजेक्ट अजून चालू आहे). तिसऱ्या आठवड्यात त्यांना साक्षात्कार झाला की युरोपातला सगळ्यात पिळलेला देश आणि आपली निळी सूटकेस यांची कहाणी एकच आहे.

“तीन वर्षांत मी संघाला चौऱ्याण्णव किलो दिले,” ते घरी जेवताना म्हणाले, “आणि मला मिळाले सहा. माझ्याच बॅगेवर माझं सार्वभौमत्व नाही!”

“तुझी बॅग?” त्यांच्या पत्नी शोभना आमटी वाढत म्हणाल्या. “त्या बॅगेत मोजे कुठल्या कप्प्यात असतात, सांग बघू.”

“बाबा, यू डोन्ट इव्हन नो द लॉक कोड,” त्यांची नववीतली मुलगी इरा म्हणाली.

मोठ्या चळवळींची सुरुवातीला घरच्यांकडून अशीच थट्टा होते. प्रकाश डगमगले नाहीत. त्यांनी ग्रुपवर घोषणा टाकली: ‘माझे किलो, माझा हक्क.’ तिला अकरा अंगठे आले.

आता रामेश्वरचं सांगतो, कारण या सगळ्यात खरोखर काही अडकलं होतं ते त्याचंच. रामेश्वर राजापूर तालुक्यातला. उंच इमारतींना बाहेरून लोखंडी पाइपांची परांची बांधणं हे त्याचं काम. त्याची बायको रंजिता गावी बचत गटात शिवणकाम करते. त्या वर्षी गटाला शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं: एकशे चाळीस जोड, पंधरा जूनच्या आत. कडा पक्क्या करायला ओव्हरलॉक मशीन असेल तर काम गटाचं, नसेल तर शेजारच्या गावाचं. करामातलं एक टेलरिंगचं दुकान बंद होत होतं. रामेश्वरने तिथून जुनं पण चालू मशीन उचललं. तीनशे दिरहम. “म्हणजे सहा हजार रुपये,” तो आपणहून हिशेब करून म्हणाला, “तिकडे नवं घ्यायला चौपट पडतील ओ.” वजन तेरा किलो. त्याची स्वतःची रजा पुढच्या वर्षी होती. मशीन एप्रिलमध्ये प्रकाश यांच्या निळ्या सूटकेसमधून जायचं ठरलं होतं.

अशा वेळी संघाने मतदान ठेवलं.

अध्यक्षस्थानी बाबाजीकाका होते. ते अल ऐनहून दीड तास गाडी चालवत आले. ते तिथल्या एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं असल्यामुळे त्यांना कायद्याचं ज्ञान आहे असा सर्वांचा समज होता. सभा तापली की ते टेबलावर चमचा आपटून “ऑर्डर! ऑर्डर!” म्हणत, आणि दर वेळी उझैर नावाचा वेटर वही घेऊन वर येई. चर्चेअंती चौदा चहा आणि सहा इडल्या मंजूर झाल्या.

चर्चेचा दर्जा उच्च होता. एका सदस्याने विचारलं की दर वेळी दुसऱ्याचे बदाम आपणच का न्यायचे. दुसऱ्याने बदामांचा अपमान सहन करणार नाही असं सांगितलं. “आपण बाहेर पडलो तर रामेश्वरचं मशीन कसं जाणार?” असं शोभना यांनी विचारलं, तेव्हा तो तपशिलाचा प्रश्न आहे आणि तपशील मतदानानंतर ठरवण्याची जगभर पद्धत आहे, असं उत्तर मिळालं.

“भैया, टेबल खाली करना है,” उझैर म्हणाला. “नीचे फॅमिली खडी है.”

म्हणून घाईने मतदान घेतलं. पेपर नॅपकिनवर ‘पडावे’ किंवा ‘न पडावे’. निकाल: पडावे अकरा, न पडावे दहा.

मतदान गुप्त होतं, त्यामुळे कुणी कसं मत दिलं ते जिना उतरेपर्यंत सगळ्यांना कळलं. निर्णायक अकरावं मत रामेश्वरचं होतं.

“अरे, मशीन तुझं!” शोभना त्याला म्हणाल्या. “तू कसा काय पडलास?”

“वहिनी, गेल्या वर्षी गावी गेलो ना, तेव्हा आठ किलो लोकांचं न्हेलं,” रामेश्वर म्हणाला. “प्रकाशसाहेबांच्या आईचा तो बिनतेलाचा तळायचा डबा न्हेला. आणि पोराची सायकल हितंच ऱ्हायली. तेच डोक्यात होतं. मशीन नंतर आठवलं.”

 त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. (प्रकाश यांच्या आई अजूनही त्या यंत्रात बटाटेवडे करतात.)

निकालानंतरच्या प्रतिक्रियांची नोंद इतिहासासाठी करून ठेवतो. पहिल्या चोवीस तासांत ग्रुपवर चारशे बारा संदेश आले. त्यांपैकी एकशे नव्वद नुसते जोडलेले हात, पण ते अभिनंदनाचे की श्रद्धांजलीचे हे कळायला मार्ग नव्हता. चार जणांनी ग्रुप सोडला; तिघं संध्याकाळपर्यंत परतले, कारण बाहेर असताना आत काय बोलतात ते दिसत नव्हतं. दोघांनी फेरमतदान मागितलं. एकाने आपण ‘पडावे’ असं लिहिलं खरं, पण तेव्हा इडलीकडे लक्ष होतं, असा जाहीर खुलासा केला. प्रकाश आणि शोभना यांनी पाच दिवस इरामार्फत संभाषण केलं.

“आई, बाबा इज आस्किंग व्हेअर इज द मीठ.”

“त्याला सांग, सार्वभौम माणसाने शोधावं.”

बाबाजीकाकांनी अल ऐन संघातच राहणार असं जाहीर केलं. त्यामुळे संघात अधिकृतपणे दोन माणसं उरली, ते आणि त्यांची पत्नी. दोघं नेहमी एकाच विमानाने जातात.

खरी अडचण पुढे आली. बाहेर पडायचं म्हणजे कुणी पडायचं? अकरांनी की एकविसांनी? सगळेच पडले तर ज्यातून पडलो तो संघ कुठाय? आणि आधी कबूल केलेल्या पार्सलांचं काय? हे प्रश्न मतदानाआधी विचारता आले असते, पण मग मतदानाची रंगत गेली असती.

शेवटी प्रकाश यांनी नवं युग जाहीर केलं: द्विपक्षीय करार. संघाचा हक्क संपला. आता ज्याला काही पाठवायचं असेल त्याने प्रत्येक स्वतंत्र बॅगेशी स्वतंत्र वाटाघाटी कराव्यात. रामेश्वर रोज बारा तास परांचीवर, आणि त्यानंतर लेबर कॅम्पच्या बसमध्ये उभं राहून वाटाघाटी करू लागला. प्रत्येक स्वतंत्र बॅग अतिशय उदार होती. प्रत्येक जण म्हणाला, “अरे, तुझ्यासाठी एक किलो कधीही!” तेरा किलो कुणीच म्हणालं नाही.

रामेश्वरने विचार केला आणि स्क्रूड्रायव्हर घेतला.

परांची सोडवणाऱ्या माणसाला मशीन सोडवायला वेळ लागत नाही. एका शुक्रवारी त्याने खोलीत चादर पसरून त्याचे नऊ भाग केले आणि मी काट्यावर तोलले. सुयांचा दांडा एका मुलुंडच्या गृहस्थांनी नेला. दोऱ्याच्या खुंट्या पुण्याला गेल्या. बेचाळीस स्क्रू वेलचीच्या डब्यातून गोव्याला गेले आणि तिथून एसटीने वर आले. एका सदस्याने आपल्या वाट्याला मशीनची कापड कातरायची सुरी निघाली म्हणून करार मोडला. ती मग जहूर नावाचा रामेश्वरचा खोलीतला सोबती कोचीला घेऊन गेला आणि तिथून पोस्टाने पाठवली. प्रकाश यांनी मोठ्या मनाने मोटर स्वीकारली, दीड किलो, ‘हक्क म्हणून नव्हे, सदिच्छा म्हणून’. तरी ती एक्स-रेमध्ये कशी दिसेल या काळजीने त्यांनी तिच्यासोबत इंग्रजीत एक निवेदन ठेवलं.

राहिला मुख्य सांगाडा, सहा किलो. तो कुणीच घेईना. एप्रिलमध्ये प्रकाश आणि शोभना एकाच विमानाने निघाले. काउंटरवर निळी सूटकेस एकोणतीस किलो चारशे ग्रॅम भरली.

“बघ,” प्रकाश म्हणाले, “आपली बॅग आपल्याच सामानाने कशी भरते ते! पूर्वी हे सगळं लोकांना जायचं.”

“हो ना,” शोभना म्हणाल्या. त्यांनी सांगाडा प्रकाश यांच्या शर्टांखाली, मोज्यांच्या कप्प्यात ठेवला होता. तो कप्पा प्रकाश यांना आजवर सापडलेला नाही. मुंबईत उतरल्यावर शोभना यांनी सांगाडा परस्पर राजापूरच्या गाडीत बसवून दिला.

मे महिन्याच्या शेवटी रंजिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी रामेश्वरच्या खोलीवर होतो. मशीन जोडून टेबलावर उभं होतं. मागे बचत गटाच्या सहा बायका निळ्या कापडाच्या ढिगाशी उभ्या होत्या.

“सगळं आलं,” रंजिता म्हणाली. “स्क्रूपण मोजले, बेचाळीस. आता पायाने दाबायचं ता पेडल कुठाय?”

रामेश्वरने चादर उचलली. पेडल खाटेखाली होतं. नववा भाग. त्याचा कुणाशी करार करायचाच राहिला होता.

“अहो, त्याच्याबिगर नुसतं बघत बसू काय? पंधरा दिवस ऱ्हायले!”

“तिकडे मिळत नाय काय?”

“राजापुरात दाखवलं. ह्या जातीचं नाय म्हणतात.”

त्याच दुपारी ग्रुपवर संदेश गेला: ‘कोणी जातंय का? फक्त साडेआठशे ग्रॅम.’ (जुन्या संघाचा ग्रुप कुणी बंद केला नव्हता, त्यात ब्रिटनवर चर्चा चालू होती.) सगळ्यांनी वाचला. सतरा जणांनी दुःखी चेहरा टाकला. नऊ जणांनी कुरिअरने पाठव असं सुचवलं, त्यांतले पाच जण त्याच आठवड्यात विमानाने जाणार होते. एकाने अशा माणसांसाठी काहीतरी संघटना हवी, असं मत मांडलं. प्रकाश यांनी त्याला अनुमोदन दिलं. शोभना यांची पुढची फेरी गणपतीत आहे.

प्रिय वाचक, आतापर्यंत तुम्ही मनातल्या मनात बाजू घेतली असेलच. प्रकाश चुकले की शोभना बरोबर, रामेश्वरने असं मत द्यायला नको होतं की त्याचंही खरंच होतं, हे सगळं तुमचं ठरलेलं असणार, आणि आम्हाला त्याचा आदर आहे. मतं पुरेशी जमली आहेत. आज तीन जून आहे. पेडल माझ्याकडे आहे, पुसून, फडक्यात गुंडाळून. तुमची फ्लाइट आठ तारखेची आहे, हे मला इराने सांगितलं. बॅग भरलेली आहे असं तुम्ही म्हणणार, तेही मी गृहीत धरलं आहे.

म्हणून काटा घेऊनच आलोय. दार उघडा.