काशाच्या वाटीचं काळं

लोणावळ्याशेजारच्या वलवणचे धोंडीआबा दुखणेकऱ्याला हात लावण्याआधी त्याची उलटतपासणी घेत. पाय कुठे मुरगळला, तेव्हा कुठे निघाला होता, सोबत कोण होतं, आणि ती सोबत घरी ठाऊक आहे का. "लबाडी करू नगा, वाटीला समदं कळतंय," अशी वर तंबी. मग दुखऱ्या जागेला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायला बसत. घासता घासता तूप काळं पडे. "बगा, दुखनं निगालं," म्हणत काळं बोट नाकासमोर धरत. काळं यायचं थांबेपर्यंत रोज यायचं, असा त्यांचा कायदा.

मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर. उजवा खांदा आखडला, फळ्यावर लिहिता येईना, हेडमास्तर माझ्या जागी दुसरा माणूस बघू लागले, म्हणून नाइलाजानं आबांकडे गेलो. मी जात्याच संशयी. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय गवळ्यापुढे भांडं धरत नाही. आबा पैसे घेत नाहीत हे ऐकून तर माझा संशय दुणावला. फुकट राबणारा माणूस मी अजून पाहिलेला नव्हता.

आठवड्यात खांदा मोकळा झाला. फळाभर लिहू लागलो. तरी आबांचं "काळं येतंय, उद्या या" चालूच. एकदा ते सरपण आणायला मागे गेले, तेव्हा मी वाटी उचलली आणि माझ्या डाव्या, धडधाकट दंडावर तूप लावून घासली. थोड्याच वेळात तूप काळं! चोर सापडल्याचा काय आनंद झाला म्हणून सांगू.

आबा आल्यावर मी दंड पुढे केला आणि ही लबाडी उद्या भर बाजारात सांगणार, असं ठणकावलं. वाटलं, चिडतील. ते सरपण ठेवून खाली बसले.

"ठावं हाय मला. कुनालाबी घासा, काळं व्हतंय. काशाचंच असतंय ते."

"मग बरा झाल्यावरही मला का बोलावत राहिलात?"

"म्हातारी गेली. पोरगं गिरणीत गेलं, ते मुंबईचंच झालं. मास्तर, बरा झालेला मानूस वलवणला परत कशाला येतोय?"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो, पण चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पुन्हा वलवण गाठलं.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आता काय दुखतंय?"

"काही नाही. सहज आलो."

त्यांचा विश्वास बसला नाही. दारातूनच हात काढून त्यांनी माझा खांदा चाचपून पाहिला. मग बाहेर आले आणि मला बसायला धोतराच्या सोग्यानं ओटा पुसू लागले.