भोकरदऱ्याची धुता येणारी भिंत

भोकरदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणीची खोली अगदी सज्ज होती. फक्त ती उघडायची परवानगी नव्हती. खाट आली होती, कात्र्या-चिमटे उकळायचं भांडं आलं होतं, गावात नळ नसला तरी बेसिनही आलं होतं. मात्र नियम असा होता की, आतल्या भिंतींना धुता येण्याजोगा तेलाचा रंग दिल्याखेरीज आणि तो टिकल्याचा दाखला मिळाल्याखेरीज त्या खोलीत कोणालाही जन्म घेता येणार नाही. नियम चांगलाच होता. नर्स इंदूबाईंना तो मनापासून पटला होता, कारण जंतूंविषयी त्या जे शिकल्या होत्या त्याच्याशी तो तंतोतंत जुळत होता.

तोवर भोकरदऱ्यात जन्म घ्यायची जागा म्हणजे दवाखान्याचा ओटा. तिसगावची एसटी याच ओट्याला लागून थांबे. मागच्या खेपेला दाई लंकाबाईची सून मनकर्णा इथेच अडली. आडवी लुगडी बांधली होती, पण लुगड्यातून आवाज जायचा राहत नाही. अख्खी गाडी खोळंबली. कंडक्टरने पलीकडून "झालं का?" असं विचारलं, मूल रडल्यावर घंटी ओढली आणि तो निघून गेला. मनकर्णा ते विसरली नव्हती.

"बाई, औंदा खोलीत," तिने इंदूबाईंना बजावलं होतं. "न्हाईतर मी घरीच पडून राहीन. मेले तर मेले."

इंदूबाईंनी शब्द दिला होता. आता मनकर्णाचे दिवस भरत आले होते.

भिंतींना रंग दिला गेला. पिस्त्याचा, चकचकीत. तो वाळला, आणि वाळल्याबरोबर त्याने पोपडे धरले. सकाळी दार उघडावं तर फरशीवर हिरव्या साली पसरलेल्या. इंदूबाईंनी एक पोपडा उचलून उलटा केला. पाठीला पांढरा थर, त्याच्या मागे निळीचा, त्याच्या मागे पिवडीचा, मग पुन्हा पांढरा. ही इमारत पूर्वी चावडी होती. साहेब यायचा म्हटला की जुन्या चुन्यावर नव्या चुन्याचा हात मारायचा, अशी वहिवाट होती. आधी खरवडावं असं कोणाच्या मनात येत नसे असं नाही. पण साहेब नेहमी उद्याच यायचा असे.

निदान सरळ होतं. रंगाने चुन्याला घट्ट धरलं होतं. चुन्याने भिंतीला धरलेलं नव्हतं.

"सगळं खरवडून काढा आणि मग रंग द्या," इंदूबाई ओव्हरसियर राधाकृष्णांना म्हणाल्या.

राधाकृष्ण नियमाने चालणारे गृहस्थ होते. त्यांनी भिंतीकडे न पाहता इंदूबाईंकडे पाहिलं.

"नर्सबाई, मंजुरी रंगकामाची आहे. रंगकाम म्हणजे लावणं. तुम्ही सांगताय ते काढणं. काढणं पाडकामात मोडतं."

"अहो, चुन्याची भुकटी आहे ती!"

"सरकारी भुकटी आहे. एकेक थर एकेका साहेबांसाठी दिलेला आहे. उद्या भिंत बारीक झाली तर जबाब कोणी द्यायचा?"

"मग करायचं काय?"

"आणखी एक हात मारू."

वरून वजन वाढवल्याने खालची पकड वाढत नाही, हे इंदूबाईंनी समजावून पाहिलं. राधाकृष्णांनी ते आदराने ऐकून घेतलं आणि दुसरा हात मारला. आता पोपडे पडेनात; ताटाएवढे होऊन, भाकरीसारखे टम्म फुगून ते भिंतीलाच लोंबू लागले.

"पडत नाहीत," राधाकृष्ण समाधानाने म्हणाले. "सुधारणा आहे."

सुधारणा टिकावी म्हणून लेखी सूचना आल्या. वाऱ्याने रंग सुटतो, म्हणून खिडक्या बंद ठेवाव्यात. वाफेने सुटतो, म्हणून खोलीत पाणी उकळू नये. खाटेच्या दांड्या घासतात, म्हणून खाट ओट्यावर न्यावी. आणि भिंत धुता येण्याजोगी असल्याने ती कोणत्याही परिस्थितीत धुऊ नये.

"मंग बाळंत व्हायचं कसं, साहेब?" लंकाबाईने विचारलं. "कळा द्यायच्या, पर दम टाकायचा न्हाई?"

"त्याबद्दल सूचनांत काही नाही," राधाकृष्ण म्हणाले. "तशी अडचण नसावी."

त्या दुपारी इंदूबाईंनी लंकाबाईला घरून खुरपं आणायला सांगितलं. दोघींनी पदर खोचून खिडकीखालचा एक तुकडा पार गिलाव्यापर्यंत खरवडला, ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि डब्यात उरलेला रंग लावला. तो चिकटला. साबणाने धुतला, तरी हलला नाही. लंकाबाईने नखाने उकरून पाहिला आणि नखच मोडून घेतलं.

इंदूबाईंनी राधाकृष्णांना बोलावून आणलं. त्यांनी तो तुकडा अंगठ्याने चोळला, त्यावर पाणी टाकलं, वाकून पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा खरोखर उजळला.

"चिकटलाय की हो!" ते म्हणाले. मग चेहरा पुन्हा जागेवर आला. "पण बाकीच्या भिंतीसारखा नाही."

"बाकीची भिंत सोलून निघतेय!"

"तेच म्हणतो मी. एका खोलीला दोन शेरे देता येत नाहीत, नर्सबाई. आणि बहुमत पोपड्यांचं आहे."

दुसऱ्या दिवशी राधाकृष्णांचा माणूस आला. त्याने त्या तुकड्यावर चुन्याचा जाड हात मारला, वरून रंग दिला, आणि एक-दोन दिवसांत तोही तुकडा इतरांसारखा फुगला. खोली पुन्हा एकसारखी झाली.

मग जिल्ह्याचे साहेब उद्घाटनाला येणार असल्याचा निरोप आला. अर्थात, उद्याच. पंचायत समितीचे सभापती आबासाहेब स्वतः पाहणीला आले. लोंबणाऱ्या भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांना सुचलं. कुटुंब नियोजनाची पोस्टरं गोदामात पडूनच होती. खळीचं घमेलं आलं. लाल त्रिकोण, हसणारी आई, हसणारा बाप आणि दोन गुबगुबीत मुलं चारी भिंतींवर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. खळीने पोस्टरांना धरलं, पोस्टरांनी पोपड्यांना धरलं. भिंतीला मात्र अजूनही कोणी धरलेलं नव्हतं.

साहेब दारातूनच खूश झाले. "भिंत दिसत नाही इतका प्रचार! वा!" पायाखाली एकही पोपडा नाही हे पाहून त्यांनी तिथल्या तिथे रंग टिकल्याचा दाखला दिला. फीत कापली. आबासाहेब भाषणाला उभे राहिले, आणि त्यांनी माता हा शब्द उच्चारला तेव्हाच मनकर्णाला कळा सुरू झाल्या.

इंदूबाई धावत मंडपात शिरल्या. "आबासाहेब, किल्ली द्या. बाई अडलीय."

"नर्सबाई, उद्घाटन झालंय," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले. "वापर कुठं सुरू झालाय? रंग टिकल्याचा दाखला आजच मिळालाय. आजच घालवता का?"

"मग तिने कुठे जायचं?"

"वटा हाय की! तो काय रंगवायचा राहिलाय व्हय?"

किल्ली राधाकृष्णांच्या खिशात होती, आणि फीत कापून होताच राधाकृष्ण साहेबांना रस्ता दाखवायला जीपमध्ये बसून निघून गेले होते. लंकाबाईने ओट्यावर लुगडी बांधली. बांधून होतात न होतात तोच एसटी आली. कंडक्टर तोच होता.

"परत का?" त्याने विचारलं.

"गाडी हाक, मुडद्या!" लुगड्याआडून मनकर्णा ओरडली.

पण गाडी हलली नाही. गाडीतल्या माणसांना निकाल ऐकायचा होता. मुलगी झाली. तिने पहिला टाहो फोडला, तेव्हा कुलूपबंद खोलीत काहीतरी सर्रकन खाली आलं. कोणी पाहायला गेलं नाही. दाखला झालेला होता. कंडक्टरने घंटी ओढली.

बारशाच्या आदल्या दिवशी इंदूबाई लंकाबाईच्या घरी गेल्या. मनकर्णाच्या डोळ्याला डोळा द्यायचं त्यांच्याने होईना. तीच म्हणाली, "जाऊ द्या, बाई. त्या पोस्टरातलं पटलं मला. आता मूल नको. पुन्हा त्या वट्यावर म्या येनार न्हाई." प्रचार लागू पडला होता.

पलीकडे लंकाबाई कुंच्याने भिंतीला चुना देत होती. खाली जुन्या चुन्याचे पोपडे सुटलेले दिसत होते.

"अगं लंकाबाई, आधी खरवड की! खुरपं आहे ना घरात?"

"येळ कुनाला हाय, बाई? पाव्हने उद्याच यायचेत," लंकाबाई हात न थांबवता म्हणाली. "पाव्हने काय भिंत चाटायला येत्यात व्हय?"

इंदूबाई हसत हसत आपल्या खोलीवर परतल्या. दार उघडताच वारा आत आला आणि समोरचं कॅलेंडर खिळ्यावर सरकून त्यामागचा फुगलेला पोपडा उघडा पडला. पाहायला कोणी होतं असं नाही, तरी त्यांनी चटकन पुढे होऊन ते पुन्हा होतं त्या जागी सरळ केलं.

घरातलं कॅलेंडर कुठे टांगायचं, हे तारखा नीट दिसाव्यात म्हणून ठरवणारं घर इंदूबाईंना पुढेही कधी सापडलं नाही. आपण आत्ता ज्या भिंतीला टेकून हे वाचत आहात, ती अर्थात वेगळी असेल. टेकू मात्र नका.