झेंड्याखालचा अजगर

आंब्यावरून एक इग्वाना, हातभर लांबीचा हिरवा सरडा, टपालवाल्याच्या टोपीवर पडला. मेला नव्हता, थंडीनं आखडला होता. हवामान खात्यानं सकाळीच बजावलं होतं: झाडांखालून जपून चाला, आणि पडलेले इग्वाना दया येऊन गाडीत घेऊ नका, ऊब लागली की ते उठतात.

वसाहतीचा नियम चौदा: रस्त्यावरून दिसणारा पडदा पांढरा किंवा पांढऱ्याच्या जवळचा असावा. जवळचा म्हणजे किती जवळचा, हे ठरवणारी उपसमिती तिसऱ्या वर्षात होती.

राज्याच्या राजधानीत एक निवृत्त कालवे-आयुक्त अंथरुणाला खिळले होते. त्यांचं नाव एका पुलाला दिलेलं होतं. पूल आधीच पडला होता.

क्लबहाउसात डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. उत्तरेतून येताना आणलेले कोट लोकांनी पेट्यांतून वर काढले होते.

अजगर जेवणावाचून सहा महिने काढतो. उबेवाचून मरायला त्याला दोन रात्री पुरतात.

*

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या पेलिकन क्रीक वसाहतीत आर्डिथ स्पूनर राहत होती. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. नवरा हॉलिस दोन वर्षांपूर्वी गेला. जाताना त्यानं मासेमारीच्या काठ्या, एक पाठ मोडलेली आरामखुर्ची आणि वॅफल नावाचा बारा फुटी अजगर एवढं मागं ठेवलं.

हॉलिस होता तोवर आर्डिथनं वॅफलला कधी हात लावला नव्हता. "तू आणि तुझी नळी," एवढंच ती म्हणायची. हॉलिस गेल्यावर एका सकाळी ती त्याच्या जुन्या चपला पायात सरकवून अंगणात आली, तर पिंजऱ्यात कोपऱ्यात पडलेला वॅफल डोकं उचलून जाळीपाशी आला. तिच्या स्वतःच्या चपलांना तो ढिम्म हलत नसे. हॉलिसची चाल ओळखणारं आता जगात एवढंच कोणीतरी उरलं होतं. त्या दिवसापासून नळीला नावानं हाक मारली जाऊ लागली.

वॅफल कायदेशीर होता. बंदी येण्यापूर्वीचा, परवान्याचा. परवान्याची अट एकच, पण ती ठळक अक्षरांत: अजगर मंजूर पिंजऱ्यातच राहील. मंजूर पिंजरा मागच्या अंगणात, सिमेंटच्या जोत्यावर, दोन कुलपांचा, चारी बाजूंनी आणि वरून जाळीचा होता. अजगर त्याबाहेर सापडला तर खातं त्याला घेऊन जाई आणि परत आणून देत नसे.

थंडी येतेय म्हटल्यावर आर्डिथनं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खात्याला फोन लावला.

"साहेब, दोन-तीन दिवस त्याला घरात घेऊ का? न्हाणीघरात ठेवीन, दार लावून."

"वादळ आलंय का, मॅडम?"

"थंडी आलीय."

"वादळ असेल तर घरात घ्यायची तरतूद आहे. वादळाचं नाव सांगा, लगेच नोंदवतो."

"थंडीला कुठलं नाव असणार?"

"तेच म्हणतोय मी. नाव नसलेल्या संकटासाठी आमच्याकडे रकाना नाही."

"मीच ठेवते नाव. हॉलिस म्हणा."

पलीकडे जरा वेळ खरंच काहीतरी शोधल्याचा आवाज आला. "यंदाच्या यादीत हॉलिस नाही, मॅडम. दिवस चांगला जावो."

*

मग पिंजराच उबदार करायचा. हॉलिसनं त्यात एक लाकडी खोकं बसवलं होतं, आतून बल्बनं तापणारं. पण ते मागच्या उन्हाळ्यातच काढावं लागलं होतं, कारण वसाहतीच्या नियमांप्रमाणे इमारतीच्या आत इमारत बांधायला परवानगी लागते, आणि परवानगी देणारी समिती पडद्यांच्या रंगात अडकली होती.

आर्डिथनं तापवणारा लाल दिवा टांगला. तासाभरात रहिवासी संघाचा अध्यक्ष ग्लेंडन व्हिटकर गोल्फगाडीतून आला. ग्लेंडननं विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात चाळीस वर्षं घालवली होती, आणि निवृत्तीनंतरही त्याचा हात थांबला नव्हता.

"मिसेस स्पूनर, रंगीत दिवे नाताळापुरते. नाताळ झाला."

"तो गारठून मरेल हो."

"माझी पूर्ण सहानुभूती आहे. पांढरा लावा."

"पांढऱ्यानं तो तापत नाही."

"पण तक्रारही येत नाही," ग्लेंडन समजुतीनं म्हणाला.

तिनं दिवा उतरवला आणि पिंजऱ्यावर निळी ताडपत्री टाकली. ग्लेंडनची गाडी कोपऱ्यावरूनच उलटी फिरली. मोठ्या वादळानंतर वसाहतीची निम्मी छपरं दोन वर्षं निळ्या ताडपत्रीखाली होती. विम्याचे पैसे येईनात. घरांचे भाव त्या ताडपत्र्यांनी पडले असं ठरलं. तेव्हापासून पेलिकन क्रीकमध्ये निळी ताडपत्री घराबाहेर दिसणं हा गुन्हा होता. तपकिरी चालेल का? आच्छादन या सदरात सगळे रंग येत होते. गोधडी? तीही आच्छादनच.

संध्याकाळी शेजारीण इराईदा मोंताल्वो कॉफीचा थर्मास घेऊन कुंपणाशी आली. तिच्या नवऱ्याच्या तुटक्या बोटीवर संघानं तीनदा नोटीस चिकटवली होती.

"अगं आर्डिथ, आत घे त्याला आणि गप्प बस. कोण बघतंय?"

"सगळेच बघतात. आणि एकदा नेला ना त्यांनी, की मारतात."

इराईदानं तिच्या हातात कप दिला. कॉफी एवढीशी आणि अशी कडक, की उभं राहूनच घ्यावी. "या वसाहतीत एकाच कापडाला कोणी हात लावत नाही, बये," ती म्हणाली. "त्या तुझ्या ग्लेंडनच्या दारावर फडफडतंय ते."

ती टोमणा मारत होती. आर्डिथनं कप खाली ठेवला.

*

हमरस्त्यावरच्या जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे राष्ट्रध्वज होता. अशा व्यापाऱ्यांचे ध्वज मैलभरावरून दिसावेत असे असतात, आणि त्यामानानं मोटारी जवळून पाहू नयेत अशा. वाऱ्यानं एक टोक विरलं म्हणून त्यानं मोठा ध्वज उतरवून ठेवला होता. आर्डिथनं तो आणला, टोक शिवलं, आणि तिनं व इराईदानं मिळून पिंजरा चारी बाजूंनी आणि वरून त्यात गुंडाळला. दुहेरी घडी बसली. आत हात घातला तर वारा लागेना.

ग्लेंडन आला. बोलायला त्यानं तोंड उघडलं, कापड ओळखलं, आणि शब्दाऐवजी टोपी काढली.

नियमांची वही त्यानं तिथंच उभं राहून चाळली. ध्वज कुठल्याच सदरात येत नव्हता. ध्वजाला मनाई करण्याची मनाई होती.

"खाली काय आहे?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"वॅफल."

"मी ते ऐकलं नाही," ग्लेंडन म्हणाला. मग निघता निघता वळला. "मात्र अंधार पडल्यावर ध्वज उजेडात हवा. अंधारात ठेवणं म्हणजे अपमान. दिवा लावा."

"कुठला?"

"चांगला मोठा."

तो लाल दिवा पुन्हा टांगला गेला, आणि यावेळी संघाच्या लेखी आदेशानं. वॅफल त्याच्याखाली वेटोळं करून पडला. आर्डिथ त्या रात्री कित्येक दिवसांनी झोपली.

झोप एकच रात्र टिकली. पेलिकन क्रीकला आपल्यात एवढा मोठा ध्वज आल्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला की तिथं समिती होते.

पहिल्या दिवशी समितीनं पाहिलं की ध्वज जमिनीला टेकतोय. तो वीतभर वर घेण्यात आला. खालून वारा शिरू लागला.

नंतर तारे डाव्या हाताला नाहीत असं कोणीसं फुटपाथवरून म्हणालं. ध्वज फिरवून बांधला. उघडी फट नेमकी उत्तरेला आली. मग दिव्याचा प्रश्न निघाला. दिवा ध्वजाच्या आत होता, म्हणजे ध्वज दिव्याला झाकत होता, म्हणजे कोणाचा मान राखला जातोय? दिवा बाहेर काढून ध्वजाकडे तोंड करून लावण्यात आला. ध्वज छान गरम झाला.

"अहो, दिवा त्याच्यासाठी होता!" आर्डिथ ओरडली.

"ध्वजासाठी होता," ग्लेंडन म्हणाला. "लेखी आहे."

वॅफलनं तिच्या हाताकडे पाहिलं नाही. हॉलिसच्या चपला घालून ती पिंजऱ्याभोवती दोनदा चालली. तिसऱ्या खेपेला त्यानं डोकं जेमतेम उचललं आणि तसंच खाली टेकवलं.

आणि मग राजधानीत कालवे-आयुक्त वारले.

*

रहिवासी संघाची तातडीची बैठक. हजर: सर्व. विषय: राज्यभर ध्वज अर्ध्यावर आणण्याचा हुकूम. अडचण: सदर ध्वजाला काठी नाही, पिंजरा आहे. सूचना आली की पिंजऱ्याची उंची काठीची समजावी. दुसरी सूचना आली की दिवंगत आयुक्त कोण होते ते कोणी सांगावं. दुसरी सूचना बारगळली. मिसेस स्पूनर यांनी सापाविषयी काही म्हटलं. सापाचा विषय पत्रिकेवर नव्हता.

सोमवारी, वर्षातल्या सगळ्यात गार दिवशी, ध्वज पिंजऱ्याच्या निम्म्यावर उतरवण्यात आला. वरचा निम्मा पिंजरा आणि छपराची जाळी उघडी पडली. खालचा भाग जमिनीला लागू नये म्हणून दुमडून दोरीवर घेतला, त्यामुळे खालूनही तो उघडाच. मधे एक पट्टा उरला, देशभक्तीचा, कमरेएवढ्या उंचीवर. अजगर अर्थातच त्याच्या खाली होता.

दुपारी सगळी वसाहत अंगणात जमली. कोट, हातमोजे, कानटोप्या. एका बाईनं कुत्र्याला दोन स्वेटर घातले होते. कोणाच्या तरी फोनवर बिगूल वाजला. ग्लेंडननं आयुक्तांचं नाव दोनदा चुकीचं आणि एकदा बरोबर घेतलं.

"आता आपण माना खाली घालून, डोळे मिटून स्तब्ध राहू."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आर्डिथनं घातली नाही. तिनं समोर पाहिलं: पन्नास माणसं, शंभर मिटलेले डोळे, आणि त्यांच्यापुढं जाळीमागे फरशीवर दोरखंडासारखा पडलेला वॅफल.

तिनं इराईदाला कोपरानं ढोसलं.

"आत्ता?" इराईदा ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"याहून कमी बघणारी माणसं पुन्हा कधी मिळायची?"

किल्ल्या तिच्या खिशातच होत्या. समुद्रावर छत्र्या-खुर्च्या न्यायचा चारचाकी गाडा इराईदानं कुंपणातून आत ओढला. वॅफल ओल्या पोत्यासारखा जड झाला होता, आणि थंड. एक टोक हिनं, एक तिनं, असा त्याला गाड्यात घातला. शेपूट बाहेर लोंबत राहिली. गाडा निघाला आणि त्याचं मागचं चाक करकरलं.

"शांतता," ग्लेंडन डोळे न उघडता म्हणाला.

शेपूट एका कोटाला घासून गेली. कोटातल्या माणसानं मान आणखी खाली घातली.

न्हाणीघराचं दार लावून आर्डिथनं टबात कोमट पाणी सोडलं. वॅफलचं डोकं हातावर धरून ती गुडघ्यांवर बसली. बाहेर स्तब्धता संपली होती. ग्लेंडन सर्वांचे आभार मानत होता.

*

त्यानंतरचं सगळं वसाहतीच्या वार्तापत्रात छापून आलं आहे.

आयुक्तांचा दुखवटा संपला तेव्हा ध्वज पुन्हा पूर्ण चढवण्यात आला आणि पिंजऱ्याभोवती संघानं पांढऱ्या फुलांची रोपं लावली. सकाळी फिरायला निघणारे तिथं थबकून छातीवर हात ठेवू लागले. मार्चमध्ये खात्याचा निरीक्षक परवान्याच्या तपासणीला आला. प्रेस्टन नावाचा, नवीन, इस्त्रीच्या शर्टातला.

"अजगर आत आहे?" त्यानं विचारलं.

"कापड वर करा आणि बघा," आर्डिथ म्हणाली.

प्रेस्टननं हात पुढं केला. मग त्यानं डावीकडं पाहिलं. फिरायला निघालेले पाचजण छातीवर हात ठेवून उभे होते. उजवीकडं ग्लेंडन टोपी काढून उभा होता. प्रेस्टननं पुढं केलेला हात वळवून स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं लिहिलं: उपस्थित. स्वभाव शांत.

एप्रिलमध्ये इराईदाच्या नवऱ्यानं तुटक्या बोटीवर ध्वज टाकला. नोटिसा थांबल्या. मग कोणाची चाकं नसलेली मोटार, कोणाची विनापरवाना खोली, कोणाचं वर्षभर न उचललेलं भंगार. कोणाच्या तरी मागच्या दारी दोन कामगार परवान्यावाचून राहत होते. त्यांच्या तंबूवरही एक आला. उन्हाळ्यात जिल्ह्यानं पेलिकन क्रीकला सर्वांत देशभक्त वसाहतीचा चषक दिला. ग्लेंडननं भाषणात सांगितलं की याची सुरुवात एका विधवेच्या अंगणातून झाली. टाळ्या वाजल्या. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नको."

ती का नको म्हणाली, हे कोणी विचारलं नाही. साप कसा आहे, हेही नाही. शेजाऱ्यांनी नाही, संघानं नाही, खात्यानं नाही; आणि बोटीपासून चषकापर्यंत हसत आलेल्या तुम्हीही नाही.

वॅफल जानेवारीतच गेला होता, त्या सोमवारी, टबात, ग्लेंडनचे आभार संपायच्या आधी.