मलकप्पाकाका आणि पडणारी भांडी

शेजारच्या घरात भांडं पडलं, की त्याच घराच्या ओट्यावरून आवाज यायचा, "आऊट!"

हा आवाज मलकप्पाकाकांचा. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर काका दर रविवारी गल्लीतल्या पोरांच्या सामन्यांना अंपायर असायचे. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. क्रिकेटच्या अंपायरकडे शिट्टी नसते, असं मी एकदा सांगून पाहिलं. "सोलापुरात असती," काका म्हणाले. "निर्णय झाला, विषय संपला!"

तर आत गौराकाकूंच्या हातून वाटी, तांब्या, कधी अख्खी परात निसटायची आणि बाहेर काकांचं बोट वर जायचं. पोरं खिदळायची. काकू दारात येऊन म्हणायच्या, "बोटांना मुंग्या येतात हो. काय धरलंय ते कळतच न्हाय." त्यावर काका, "मुंग्या साखरेला येतात. जरा ध्यान ठेव की!"

मग एका रविवारी काका स्वतःच पडले. कुणीतरी उंच सिक्स मारला. चेंडू बघत, दोन्ही हात वर करून काका मागं मागं गेले आणि स्टंपाच्या जागी रचलेल्या विटांना अडखळून उजव्या तळहातावर आपटले. मनगट पळीसारखं वाकडं झालं. तशातही ओरडले, "सिक्सच हाय!" मीच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

यथावकाश प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिरच राहिली. पहाटे मुंग्यांनी जाग यायची, मग काका हात झटकत ओट्यावर बसायचे. एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप निसटला आणि फुटला. समोर खेळणारी पोरं टक लावून थांबली. काकांचं बोट वर गेलं नाही. काकू बाहेर आल्या आणि तुकडे वेचू लागल्या. मधेच थांबून त्यांनी आपला उजवा हात झटकला, अगदी काकांसारखाच.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, "मनगटातली नस दबलीय. हाड मोडल्यावर होतं कधी कधी. वर्षानुवर्षं हाताचं काम करणाऱ्या बायकांना तर काही न मोडताच होतं."

काकांनी हळूच विचारलं, "त्यांच्याबी हातनं भांडी पडतात?"

"पडणारच. बोटांना कळतच नाही ना."

एरवी सात रस्ता चौकात आडव्या येणाऱ्या प्रत्येक स्कूटरवाल्याला 'नो बॉल' देणारे काका त्या दिवशी घर येईपर्यंत आपल्या बोटांकडेच बघत राहिले. रविवारी पोरं बोलवायला आली, तर म्हणाले, "दुसरा अंपायर बघा. मला नीट दिसत न्हाय." डोळे तर त्यांचे ठणठणीत होते.

मग एक दिवस माझ्याकडे आले. "गाडी काढशील का? हिला दाखवायचंय."

डॉक्टरांनी काकूंना विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं. "एवढ्यातच. महिना झाला असंल."

"न्हाय डॉक्टर," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "लई वर्षं झाली. ती सांगत होती. मी हसत होतो."

"सुम्मनिर्री," काकू पुटपुटल्या. गप्प बसा, असं त्या त्यांना कानडीत सांगायच्या.

काकूंना मनगटाचा पट्टा मिळाला. परतताना दोघं मागच्या सीटवर बसले. काकांनी काकूंचा हात मांडीवर घेतला आणि आपल्या बधिर बोटांनी पट्टा बांधू लागले. पट्टा सारखा सुटत होता. बराच वेळ खटपट चालली.

"झालं का घट्ट?" काकांनी विचारलं.

"झालं की," काकू म्हणाल्या.

मी आरशात पाहिलं. पट्टा नुसताच लोंबत होता. काकूंनी हात मात्र काढून घेतला नव्हता.